बिहाग, खोकल्यासकट

पूर्वी एकदा मी केबिनच्या स्टुडिओत बिहाग राग गाऊन रेकॉर्डिंग केलं होतं. कानाला हेडफोन, तबला काचेपलीकडे, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, नजरानजर नाही. सूर चोख लागले, पण बिहाग काही केल्या बसला नाही. म्हणून या वेळी पुण्यातल्या एका दोघाजणांच्या कंपनीला फोन केला. ते फक्त शास्त्रीय संगीतच रेकॉर्ड करतात.

त्यांनी स्टुडिओचं नावच काढलं नाही. पेठेतल्या एका जुन्या घराच्या दिवाणखान्यात नेलं. इंजिनिअरने चारी कोपऱ्यांत टाळ्या वाजवून पाहिल्या आणि दोन जाड सतरंज्या मागवल्या. रात्री दहानंतर या, म्हणाला. रिक्षा तेव्हा थांबतात, आणि बिहागची वेळही तीच. वर निरोप, "ताई, सुती साडी नेसा, रेशीम सळसळतं. बांगड्याही घरीच ठेवा."

पंखा बंद. पहिला दीड तास गाणं नाहीच. मिरजेचे दोन तानपुरे काळी चारच्या सुरात लावण्यात आणि जवारीचा, म्हणजे तारेला झंकार देणारा, दोरा केसभर सरकवण्यातच तो गेला. समोर मुख्य मायक्रोफोन दोनच, एकमेकांपासून 17 सेंटिमीटरवर, तोंडं 110 अंशांत फाकलेली. फ्रेंच रेडिओवाल्यांची ही मांडणी. अंतर साधारण आपल्या दोन कानांमधलं. मला आणि तबल्याला आधाराला एकेक वेगळा. मग आवाजाचा तोल साधायला इंजिनिअरने बटणं फिरवली नाहीत, माणसं हलवली. तबला हातभर मागे, पेटी थोडी तिरकी, कारण भात्याची हवा ऐकू येत होती. समेला तबल्याकडे मान वळवायची माझी सवय, आणि मान वळली की आवाजही जायचा. दोनदा सांगून पाहिलं, मग त्यानेच माझा माईक त्या बाजूला सरकवला.

विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, एकतालातला पहिला टेक सुंदर चालला होता. ऐन अंतऱ्यात, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागात, मागे तानपुऱ्यावर बसलेल्या माझ्या विद्यार्थिनीला खोकला आला. बिचारीने किती वेळ दाबून धरला असेल! दुसरा टेक स्वच्छ झाला, पण अंतरा पहिल्यासारखा उमलला नाही. मी म्हटलं, तेवढं एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, दुसऱ्यातून आणून जोडा. त्याने समेपासून समेपर्यंत जोडून ऐकवलं. पहिल्यात ते आवर्तन 50 सेकंदांचं होतं, दुसऱ्यात 46. शिवाय मधल्या तासाभरात तबला किंचित उतरलेला. सांधा माझ्या आईलाही कळला असता. खोकला राहिला.

गायिका गौहरजान यांनी 1902 साली कलकत्त्यात तीनेक मिनिटांच्या तबकडीत गाणं बसवलं, शेवटी स्वतःचं नावही सांगितलं. आम्हाला वेळेची मर्यादा नव्हती तरी पहाटेचे अडीच वाजले. निघताना त्याने सगळ्यांना गप्प बसवून दोन मिनिटं नुसते तानपुरे घेतले. पुढे सुरुवातीला आणि शेवटाला तेच वापरले.

महिन्याने फाइल आली. तबलजींनी ऐकून सांगितलं, तबला कमी आहे. पेटीवाले म्हणाले, पेटी कमी. गुरुजींनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "कोण खोकलं?"