तेरावरून पंधरावर जाताना

नव्या पतसंस्थेचा डेटाबेस उघडायचा म्हणजे आमच्याकडे दहा मिनिटांचं काम. स्क्रिप्ट लावायची, चहा घेऊन यायचं, लॉगिन करून बघायचं. त्या दिवशी चहा घेऊन आले तर स्क्रीनवर ‘परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक’, आणि फोनवर मॅनेजर: “मॅडम, झालं का? संचालक मंडळी येऊन बसलीत.”

आमचं सॉफ्टवेअर ज्या पोस्टग्रेस डेटाबेसवर चालतं, त्याच्या आवृत्ती 13 वरून 15 वर येऊन आम्हाला तीन आठवडे झाले होते. टेस्टिंग माझंच. जुन्या ग्राहकांचे डंप (डेटाबेसच्या काढून ठेवलेल्या प्रती) नव्या सर्व्हरवर रिस्टोअर केले, व्याज आकारणी, रोजकीर्द, ताळेबंद पैशापर्यंत जुळवले. कुठेही अडलं नव्हतं.

उत्तर 15 च्या रिलीज नोट्समध्येच, म्हणजे नव्या आवृत्तीत काय बदललं त्या यादीतच होतं. ऑक्टोबर 2022 मध्ये आलेल्या या आवृत्तीनं पब्लिक स्कीमात, म्हणजे डेटाबेसमधल्या सामाईक कप्प्यात, टेबल बनवण्याची सर्वांना असलेली मुभा काढून घेतली. ती आता डेटाबेसच्या मालकाकडे. त्याच नोंदीत पुढे असंही आहे, की हे फक्त नव्यानं बनवलेल्या डेटाबेसना लागू. अपग्रेड केलेल्या किंवा डंपमधून आणलेल्या डेटाबेसचे हक्क होते तसेच राहतात. माझं एकूण एक टेस्टिंग डंपवर झालेलं. कोरा डेटाबेस बनवून बघायचं डोक्यातच आलं नाही.

राग याचा, की ती ओळ मी वाचली होती. पिवळी करून ठेवली होती. शेजारी माझ्याच अक्षरात: ‘आपल्याला लागू नाही.’

आमच्या इन्स्टॉलेशन गाइडमध्ये वर्षानुवर्षं ‘ग्रँट ऑल ऑन डेटाबेस’ ही एकच कमांड होती. तिनं डेटाबेसला जोडता येतं, नवी स्कीमा करता येते. पब्लिकमध्ये टेबल बनवायचा हक्क तिनं कधी मिळतच नव्हता. दारच सताड उघडं होतं म्हणून किल्ली चुकीची आहे हे कुणाला कळलं नाही. (हे दार लावून घ्या, असं पोस्टग्रेसवाले 2018 पासून सांगत होते. पण ते वाचलं कुणी?) डेटाबेसचा मालक ॲपचाच युजर ठेवला, स्क्रिप्ट सुधारली, आणि गाइडमधलं ते पान त्याच कमिटमध्ये, कोडच्या बदलाबरोबरच, बदललं. एरवी गाइड ‘नंतर बघू’वर राहतं.

मग एक साधी टेक्स्ट फाइल सुरू केली, कोडच्याच रेपोमध्ये. रिलीज नोट्समधली प्रत्येक नोंद, ती आपल्याकडे कुठे लागते, आणि कशावर तपासली: डंपवर की कोऱ्यावर. ‘लागू नाही’ लिहायचं तर कारणासकट. 13 वरून 15 म्हणजे 14 च्या नोट्सही आल्या, आणि मधल्या छोट्या रिलीजच्याही. कंटाळवाणं काम आहे, खोटं कशाला बोलू. दोन शनिवार गेले.

दुसऱ्या शनिवारी 14.4 पाशी थांबले. जून 2022 मध्ये हे रिलीज ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर काढलं होतं. इंडेक्स म्हणजे नोंद झटकन शोधायची सूची. 14.0 ते 14.3 मध्ये ‘कन्करंटली’ लावून, म्हणजे कामकाज न थांबवता, बनवलेल्या किंवा रीइंडेक्स केलेल्या (नव्यानं बांधलेल्या) इंडेक्समधून काही नोंदी गळू शकत होत्या. नवी आवृत्ती टाकून पुढची गळती थांबते, पण बिघडलेला इंडेक्स आपोआप नीट होत नाही. तो पुन्हा बनवावा लागतो.

आमच्या एका ग्राहकाकडे 14.2 होतं. दर महिन्याला रात्री रीइंडेक्स कन्करंटली. आणि त्यांची एक जुनी तक्रार होती: खातं क्रमांकानं शोधलं की सापडत नाही, यादीत मात्र दिसतं. आम्ही ती बंद केली होती. शेरा: ‘डंप घेऊन तपासलं, आमच्याकडे घडत नाही.’

घडणार कसं? डंप रिस्टोअर करताना सगळे इंडेक्स नव्यानं बनतात.

इंडेक्स तपासणारं पीजी-एएमचेक लावलं, दोन इंडेक्स अपुरे निघाले. सर्व्हरची आवृत्ती वाढवली, इंडेक्स पुन्हा बनवले, तक्रार परत उघडून खरं कारण लिहिलं. मग तिथल्या कॅशियर ताईंना फोन केला, म्हटलं आता नंबर टाकून बघा.

“अगं बाई, ते होय,” त्या म्हणाल्या, “मी तर कधीपासून नाव टाकूनच शोधते.”