रंकाळ्यावर मिरर लेन्स

आज सकाळी संध्यामठाच्या बाजूला मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर अ‍ॅडाप्टर (जोडणारी रिंग) लावून जुनी ५०० एमएम एफ/८ मिरर लेन्स (लांबचं जवळ दाखवणारी, आरशांची लेन्स) वापरली. आतले आरसे प्रकाश दुमडून घेतात, म्हणून एवढ्या पल्ल्याची लेन्स हातात धरून फिरता येतं. अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं भोक) कायम एफ/८, फोकस हातानं. जुन्या एसएलआरमध्ये (लेन्समधलं चित्र आरशातून दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात) या लेन्सनं चित्र अंधारंच दिसायचं. आता इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायचा छोटा स्क्रीन) ते उजळून दाखवतो, मोठं करून थेट पाणकावळ्याच्या डोळ्यावर फोकस लावता येतो. केवढं सुख! (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणाऱ्या स्टॅबिलायझेशनमध्ये लेन्सचा ५०० हा आकडा मात्र स्वतः भरायचा.) मधल्या छोट्या आरशामुळं पाण्यावरची फोकसबाहेरची चमक मेदूवड्यासारखी गोल कडी होऊन उमटते. लोक त्याला नावं ठेवतात, मला ती कडीच जाम आवडतात. कॉन्ट्रास्ट (उजेड-अंधारातला फरक) कमी येतो, तो रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फोटो फाइलमध्ये) वाढवता येतो.

कुणाच्या कपाटात अशी लेन्स पडून असेल तर रविवारी रंकाळ्यावर घेऊन या, लावून बघूया.