कमी चाललेली गाडी आणि तेलातला पट्टा

"दहा वर्षांत फक्त 40 हजार चाललीय, एकदम फ्रेश आहे," असं सांगत कुणी फोर्डची जुनी इकोस्पोर्ट, इकोबूस्ट पेट्रोल इंजिनाची, गॅरेजला दाखवायला आणली, की मी आधी विचारतो, हे 40 हजार कुठे चालली? शाळा, मंडई, ऑफिस अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर हायवेवर लाखभर पळालेल्या गाडीपेक्षा मला हिचीच काळजी जास्त.

साध्या टायमिंग बेल्टवर (इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा) तेल गळलेलं दिसलं तर आम्ही तो बदलतोच. फोर्डच्या सुरुवातीच्या 1.0 लिटर इकोबूस्टमध्ये मात्र हा रबरी पट्टा इंजिनाच्या आत, तेलातच फिरतो. घर्षण कमी, आवाज कमी, म्हणून ही रचना. इंजिन गुणाचं आहे. 2012 ते 2014 सलग तीन वर्षं ते 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' ठरलं. चालवायला मला आजही आवडतं.

पट्ट्याचं रबर तेल सोसेल असंच बनवलेलं असतं. त्याला सोसत नाही ते पेट्रोल मिसळलेलं तेल. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही. न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या रिंगांवरून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत, उतरतं. लांब प्रवासात तेल तापून हे पेट्रोल उडून गेलं असतं. इथे साठत राहतं. पट्टा फुगतो, त्याला भेगा पडतात, दातांवरचं कापड सुटतं आणि तो चुरा ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतो. जाळी तुंबली की तेलाचं प्रेशर पडतं. म्हणजे पट्टा शाबूत असतानाही बेअरिंग आणि टर्बो जाऊ शकतात. म्हणून प्रेशरचा लाल दिवा लागला की गाडी तिथेच बंद करा. "घरापर्यंत नेतो" म्हणू नका, हात जोडून सांगतो.

प्यूजो-सित्रोएन या फ्रेंच गाड्यांच्या 1.2 प्यूरटेक इंजिनाचं दुखणं हेच. तिथे तेल भरायच्या तोंडातून माप घालून पट्टा किती फुगलाय ते तपासतात. अखेर 2024 मध्ये त्यांच्या मूळ कंपनीला, स्टेलांटिसला, युरोपात या इंजिनांची वॉरंटी 10 वर्षं किंवा 1 लाख 75 हजार किलोमीटरपर्यंत वाढवावी लागली.

फोर्डनं युरोपात पट्टा बदलायला 10 वर्षं किंवा 2 लाख 40 हजार किलोमीटरची मुदत दिली होती. लोक किलोमीटरचाच आकडा लक्षात ठेवतात. आपल्याकडे इकोस्पोर्ट 2013 मध्ये आली. त्या पहिल्या गाड्यांची दहा वर्षं कधीच संपली. शहरातल्या गाडीसाठी मी तर दहा वर्षंही थांबणार नाही.

तेल दर सहा महिन्यांनी बदला, गाडी कितीही कमी चालो. फोर्डच्या डब्ल्यूएसएस-एम2सी948-बी स्पेसिफिकेशनचं 5डब्ल्यू-20 तेलच घाला. इंजिन फ्लश, म्हणजे इंजिन आतून धुवायचं रसायन, अजिबात नको. त्यातलं सॉल्व्हंट रबरालाच खातं. जुनी गाडी घेताना चेंबर उतरवून जाळी बघितल्याशिवाय सौदा करू नका. मालक नको म्हणाला तर गाडी सोडा.

आणि पट्टा वाटेल त्या गॅरेजमध्ये बदलून घेऊ नका. या इंजिनाच्या क्रँक पुलीला (क्रँकशाफ्टच्या टोकावरचं चाक) ती जागेवर धरणारी चावी, म्हणजे खुंटी, नसते, बोल्ट सैल केला की टायमिंग सुटतं. टायमिंग धरून ठेवणारी लॉकिंग टूल्स आहेत का ते आधी विचारा. ऑइल पंपाचा छोटा पट्टाही तेलातच असतो, तो त्याच वेळी बदलून घ्या.