आईच्या अंगठ्याचा ठसा उमटेना: सत्तरीपुढच्या आयुष्मान कार्डाचा माझा अनुभव

आधी राग काढते, मग माहिती देते. सरकारी खर्चानं उपचार मिळणारं आयुष्मान कार्ड काढताना माझ्या आईचा अंगठा (आणि बाकीची नऊ बोटं पण) मशीनवर किती वेळा दाबली गेली ते मी मोजायचं सोडून दिलं होतं. पाच फेऱ्या, दोन सेंटर, आणि प्रत्येक ठिकाणी तेच, "आजी, जरा नीट दाबा की." अरे काय नीट दाबा? चाळीस वर्षं विड्या वळल्यात त्या बाईनं, रोजच्या हजार. पानं कापायची, वळायची, सूत गुंडाळायचं. बोटं गुळगुळीत झालीत, ठसा आणायचा कुठनं?

आई राहते सोलापूरजवळ कुंभारीला, गोदूताई वसाहतीत. २००६ ला विडी कामगार बायकांना ती दहा हजार घरं मिळाली त्यातलं एक आमचं. मी विजापूर रोडला. बाबा गेल्यावर म्हणलं चल माझ्याकडं, तर म्हणाली, "तुझ्या फ्लॅटमध्ये दार लावलं की माणूस मेलं तरी कळायचं नाही. इथं सातपर्यंत माझं दार उघडलं नाही तर चौघीजणी कडी वाजवत्यात." यावर मी काय बोलणार. मग ठरवलं की ती तिथंच राहणार असेल तर तिथं नीट राहता येईल अशी सोय आत्ताच, धडधाकट आहे तोवर करून ठेवायची. बाथरूममध्ये खरबरीत फरशी आणि भिंतीला हँडल, दुसरी किल्ली शेजारच्या मावशींकडं, मोतीबिंदूचं ऑपरेशन, हे सगळं दोन महिन्यात झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. राहिलं ते कार्ड.

कार्डाचं डोक्यात आलं कारण गल्लीतल्याच एक मावशी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि पोरानं व्याजानं पैसे काढले. त्यांना पंच्याहत्तर पूर्ण होती, कार्ड निघालं असतं. काढलंच नव्हतं.

तर २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर पूर्ण झालेल्या कुणालाही आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. उत्पन्नाची अट नाही, रेशन कार्डाचा रंग कोणी विचारत नाही, आधारवरचं वय बघतात बास. वर्षाला ५ लाखापर्यंत उपचार, पण ॲडमिट व्हायला लागलं तरच, साध्या तपासणीला आणि गोळ्यांना नाही. नवरा-बायको दोघं सत्तरीच्या पुढचे असतील तर ५ लाख दोघांत मिळून. खाजगी मेडिक्लेम असला तरी चालतं. आई आधारवर ०१-०१-१९५१ ची आहे. (त्या गल्लीतल्या निम्म्या बायका १ जानेवारीच्याच आहेत, कॅम्पवाल्यानं विचारलं, जन्मतारीख माहीत नाही म्हणल्यावर त्यानं टाकली.)

मे २०२५, ४३ डिग्री, रिक्षा करून आईला सेंटरवर नेलं. पोरगा म्हणाला ओटीपी जाईल. गेला, बाबांच्या जुन्या नंबरवर, जो बंद होऊन तीन वर्षं झाली. मग म्हणे अंगठा द्या. नाही आला. दुसरा, नाही. सगळी बोटं, नाही. "काकू, आजींच्या हाताला रात्री खोबरेल लावा आणि उद्या या." लावलं. दुसऱ्या दिवशी तेलकट बोटानं मशीनची काच खराब झाली म्हणून तोच चिडला. तिथं रांगेत एका काकांनी लिंबू चोळायला सांगितलं, ते पण केलं, आईचं बोट चिरलेलं होतं, ती बिचारी ओरडली. मला स्वतःचाच राग आला.

मग म्हणलं आधी आधारला माझा नंबर जोडू, म्हणजे ओटीपी तरी येईल. आधार केंद्र दुसरीकडं. तिथं कळलं की नंबर बदलायला कागदपत्र लागत नाहीत, त्या वेळी ५० रुपये फी होती, पण माणसाची ओळख पटवायला ठसा पाहिजे!! म्हणजे ठसा नाही म्हणून ओटीपी नाही आणि ओटीपी घ्यायचा तर ठसा पाहिजे. मी म्हणलं डोळ्यांनी होतं ना, तर "बुबुळाचं मशीन बिघडलंय, सोमवारी या." सोमवारी टोकन मिळालं ३८ नंबरचं, जेवणाच्या सुट्टीनंतर सर्व्हर डाऊन. त्यानंतर परत एकदा गेलो, मशीन अजून बिघडलेलंच. आई बाकड्यावर बसून मला म्हणाली, "जाऊ दे की गं, मी पडणारच नाही." त्या दिवशी रिक्षात आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही.

आणि सुटलं कुठं तर आईच्या दारात. आरोग्य खात्याच्या आशाताई वसाहतीत फिरत होत्या, आईनं त्यांना सगळी कहाणी ऐकवली, त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अक्का, चेहऱ्यानं पण होतंय की." आयुष्मान ॲपमध्ये चौथा पर्याय असतो, फेस. त्यासाठी आधार फेस आरडी नावाचं वेगळं ॲप मोबाईलमध्ये टाकायला लागतं, ते टाकलं की झालं. लॉगिन कुठल्याही चालू नंबरनं होतं, मी माझ्याच मोबाईलवरनं केलं. पाच फेऱ्यात एकालाही हे सांगावंसं वाटलं नाही, का माहीत नव्हतं, देवाला ठाऊक.

पहिले दोन प्रयत्न फेल, कारण घरात अंधार आणि मागं खिडकी. ओट्यावर बसवलं, तोंडावर उजेड, चष्मा काढला. ते ॲप डोळे मिचकवायला सांगतं. आई एकदा मिचकवायच्या ऐवजी घट्ट मिटूनच बसायची. शेवटी समोरच्या मावशी म्हणाल्या, "अगं, धूर गेल्यावर कशी करतीस तशी कर." झालं! पुढचा फॉर्म, घरच्यांची माहिती, फोटो, दहा मिनिटांत संपलं.

मध्येच आठवलं म्हणून सांगते, नंबर जोडायचं काम सोडू नका. मी नंतर तिसऱ्याच एका केंद्रात गेले, तिथलं बुबुळाचं मशीन चालू होतं, पाच मिनिटात झालं, काही दिवसांनी नंबर जोडला गेला. जायच्या आधी फोन करून विचारा, मशीन चालू आहे का. आणि कार्ड हातात आल्यावर लगेच बघून ठेवा की आपल्या जवळच्या कुठल्या हॉस्पिटलला ते चालतं आणि हाडाला चालतं का हृदयाला, कारण सगळीकडं सगळं होत नाही. मी दोन नावं मोठ्या अक्षरात लिहून आईच्या फ्रीजवर चिकटवली, खाली माझा नंबर आणि ज्येष्ठांच्या हेल्पलाईनचा १४५६७.

एसटीचं पण लिहिणार होते, पंच्याहत्तर पूर्ण झाली की महाराष्ट्रात फुकट, तोवर बाई म्हणून अर्धं तिकीट आहेच. आई तेव्हा जानेवारी २०२६ ची वाट बघत होती, अक्कलकोटला जायचं म्हणून.

पुढच्या रविवारी आईकडं गेले तर ओट्यावर सात जणी आधार कार्ड घेऊन बसलेल्या. आईनंच बोलावलं होतं, चहा पण तिनंच ठेवलेला, आणि मी चप्पल काढायच्या आधी सगळ्यांना डोळे कसे मिचकवायचे ते शिकवत होती. पाच जणींचं झालं त्या दिवशी. हँडलचं विचाराल तर बसवलंय भक्कम, आई त्याच्यावर टॉवेल वाळत घालते.