टॉवरच्या आधी सडा : आमची वाटचाल

रत्नागिरीत एका चिऱ्याच्या घराची पडवी आणि आतली एक खोली, एवढंच आमचं ऑफिस. काम सांगायला सोपं आहे. मोबाइल टॉवर उभा राहण्याआधी त्या जागेवर आणि आजूबाजूला कोणते संकटग्रस्त जीव आहेत, बांधकामाने त्यांचं काय होईल आणि ते कसं टाळता येईल, हे पाहून आम्ही लेखी देतो. सोलर आणि छोट्या रस्त्यांची कामंही येतात, पण आमचा जीव टॉवरच्या कामात जास्त आहे. त्याची बाजू सहसा कुणी लिहीत नाही, म्हणून हे सविस्तर.

मी वनस्पतीशास्त्राची, माझी भागीदार प्राणीशास्त्राची. दोघी कोल्हापूरला शिकलो आणि बरीच वर्षं संशोधकांसाठी सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळपठारांवर, तिथल्या जिवांच्या याद्या करत हिंडलो. कंपनी काढायचा विचार तेव्हा डोक्यात नव्हता. एका टॉवर कंत्राटदाराला कर्ज देणाऱ्या संस्थेने अट घातली होती की प्रत्येक नव्या साइटचा जैवविविधता अहवाल हवा. परदेशी पैसा आला की बऱ्याचदा जागतिक बँक गटाच्या आयएफसी या वित्तसंस्थेची २०१२ पासूनची मानकं लागू होतात आणि त्यातलं सहावं मानक याच विषयावर आहे. कंत्राटदाराने विद्यापीठात विचारलं, विद्यापीठातल्या सरांनी आमची नावं दिली. बिल कुणाच्या नावाने काढायचं, हा प्रश्न आला तेव्हा फर्मची नोंदणी झाली.

अट कर्जदात्याने का घालावी, कायदा काय करतो, असं लोक विचारतात. अभयारण्यात टॉवर उभारायचा तर प्रस्ताव वन्यजीव मंडळापर्यंत जातो, वनजमीन असेल तर वन संवर्धन कायद्याची परवानगी लागते. पण २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेच्या यादीत मोबाइल टॉवर नाहीच. म्हणजे खासगी जमिनीवर टॉवर उभारताना तिथे कोणते जीव आहेत हे पाहायला कुणी बांधील नाही. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये एक सल्लापत्र काढलं होतं. संरक्षित क्षेत्रांत किंवा त्यांच्या आसपास टॉवर उभारण्याआधी वन विभागाशी बोला, जमिनीवरचे सुरक्षा दिवे कमीत कमी ठेवा आणि त्यांचा झोत खाली वळवा, असं त्यात आहे. चांगलं पत्र आहे. प्रत्येक नव्या ग्राहकाला आम्ही ते वाचायला देतो.

कोकणातले सडे बहुतेक खासगी मालकीचे. सातबाऱ्यावर पोटखराबा, सरकारी नकाशात पडीक. मे महिन्यात पाहिलं तर काळा तापलेला कातळ आणि करपलेलं गवत. टॉवरसाठी जागा शोधणाऱ्याला याहून चांगलं काय हवं? उंच, उघडं, स्वस्त, झाड तोडायला नको, शेती मोडायला नको. म्हणूनच या भागात बऱ्याच साइट सड्यावर निघतात.

तोच कातळ जूनमध्ये बघायला या. पहिल्या पावसापाठोपाठ दीपकाडीची पांढरी फुलं उभी राहतात. ही वनस्पती प्रामुख्याने कोकण-गोव्याच्या कातळांवरची. तिचा कांदा दगडाच्या भेगेतल्या मूठभर मातीत वर्षभर तग धरून असतो. ऑगस्ट-सप्टेंबरात गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू, कवला. जांभ्याच्या सुट्या दगडाखाली एक लहानशी पट्टेरी पाल राहते. विज्ञानाला ती १९६३ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावातून माहीत झाली आणि आज ती असुरक्षित गणली जाते. त्याच डोर्ल्यातून २००३ साली देवगांडुळाची (हा गांडुळासारखा दिसणारा बिनपायांचा उभयचर) एक नवी जात नोंदवली गेली. एका गावातून दोन जाती, आणि तो परिसर कागदोपत्री पडीक! मला याचा अजूनही राग येतो.

आमच्या कामाचं सगळं मर्म इथे आहे. टॉवरची जागा असते जेमतेम दोन गुंठे. तेवढ्याच कुंपणातली झाडं मोजून अहवाल दिला तर तो स्वच्छच निघणार. खरं नुकसान कुंपणाबाहेर होतं. जेसीबी आणि खडी वर न्यायला रस्ता लागतो, त्या रस्त्याला भराव लागतो, आणि भरावासाठी आजूबाजूचे सुटे दगड गोळा केले जातात. तेच दगड पालीचं घर. रस्त्याची कड पावसाचं पाणी अडवते किंवा वळवते, म्हणजे खालची डबकी एक तर आटतात, नाही तर वाहून जातात. मग विजेचे खांब येतात, डिझेल जनरेटर येतो, त्याचं सांडलेलं तेल येतं. आणि रस्ता एकदा झाला की त्यावरून पुढे चिरेखाणवालाही येतो. आमच्या अहवालात टॉवरवर दोन पानं असतात, रस्त्यावर दहा.

सड्यावर आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे कातळशिल्पं. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. गवताखाली झाकलेल्या रेषा पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. तो आमचा विषय नव्हे, पण दिसलं तर कळवतो.

सर्वात मोठी झुंज ऋतूची. ग्राहकाचं आर्थिक वर्ष मार्चला संपतं, त्यामुळे फेब्रुवारीत फोन येतो की आठवड्यात अहवाल द्या. फेब्रुवारीत सड्यावर गेलं तर जे दिसेल ते लिहिता येतं, पण जे दिसत नाही ते नाहीच, असं लिहिता येत नाही. आम्ही तसं लिहून देत नाही. सुरुवातीला यामुळे कामं गेली. एका मोठ्या वेंडरने स्पष्ट सांगितलं की दुसरीकडे दोन दिवसांत मिळतो. मिळत असेल. आमच्या करारात दोन कलमं पहिल्यापासून आहेत: अहवालाचा निष्कर्ष काहीही आला तरी फी तीच, आणि कातळावरच्या साइटला पावसाळ्यातली पाहणी झाल्याशिवाय अंतिम सही नाही.

आंबोली-चौकुळ भागातलं काम मला सगळ्यात जवळचं. आंबोली टोड हा छोटा भेक २००९ साली शास्त्रीय नाव मिळालेला, जगात जवळपास एवढ्याच टापूत राहणारा आणि अतिसंकटग्रस्त. कातळावर साचलेल्या वीतभर पाण्यात तो अंडी घालतो, तीही पावसाच्या अगदी तोंडाला. ती संधी हुकली की पुढची पाहणी थेट वर्षाने. रात्री डोक्याला टॉर्च बांधून, जळवा झटकत, पावसात एकेक डबकं पाहावं लागतं. माझी भागीदार यात तरबेज आहे. नराच्या ओरडण्यावरून ती अंधारात दिशा सांगते.

तिथल्या एका वाडीत टॉवरची जागा ठरली होती नेमकी अशा डबक्यांच्या पट्ट्यात. आम्ही रात्री फिरताना गावकरी जमले. एक काकी पुढे येऊन म्हणाल्या, "आमका टॉवर होयोच. पोरग्याक मुंबयत फोन लावूक डोंगरार चढूचा लागता." त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. निसर्ग चक्रीवादळात, नंतर तौक्तेच्या वेळी रेंज गेली तेव्हा कोकणातल्या माणसांनी काय भोगलं ते आम्हीही भोगलंय. साप चावलेल्या माणसासाठी रात्री १०८ ला फोन लागत नाही, याचा अर्थ आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. जुलै २०२२ मध्ये केंद्राने २४,६८० गावांपर्यंत ४जी नेण्याची २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली, तेव्हा आम्ही दोघींनी पेढे वाटले होते.

म्हणून "इथे टॉवर नको" एवढंच लिहून आम्ही कधी थांबत नाही. त्या वाडीत आम्ही गुराख्यांना बरोबर घेऊन सगळी कातळाची धार चाललो. कुठलं डबकं कधी भरतं, कुठे पाणी टिकतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीची लोकनोंदवही, म्हणजे गावातल्या जिवांची नोंदवही, काढली. बरीचशी कोरी होती, पण दोन नोंदी कामाच्या निघाल्या. शेवटी जुन्या गाडीवाटेला लागून, जिथे आधीच पडकी गडगी (दगडी कुंपण) होती, तिथली जागा सुचवली. रेंजचं गणित आरएफ (रेडिओ लहरींच्या) इंजिनीअरने तपासलं, थोडी उंची वाढवून जमलं. नवा रस्ता नाही, शेवटच्या टप्प्यात सामान डोक्यावरून. काम नोव्हेंबर ते मे याच काळात. जनरेटरऐवजी सोलर आणि बॅटरी. टॉवर उभा राहिला, काकींच्या घरात रेंज आली, आणि डबक्यांना कुणी हात लावला नाही.

दिव्यांबद्दल थोडं. अमेरिका आणि कॅनडात संपर्क टॉवरना धडकून वर्षाला सुमारे ६८ लाख पक्षी मरतात, असा अंदाज २०१२ साली प्रसिद्ध झाला. हा आकडा इथे सर्रास फेकला जातो. तिथले सर्वांत घातक टॉवर आपल्या टॉवरच्या कित्येक पट उंच, ताणतारांनी बांधलेले आणि रात्रभर स्थिर लाल दिवा जळणारे असतात. आपला चाळीस मीटरचा स्वतःच्या पायांवर उभा टॉवर तसा नाही, तेव्हा तो आकडा इथे लावू नये. पण त्यातून एक शिकण्यासारखं आहे: स्थिर दिव्याऐवजी लुकलुकता दिवा लावला की पक्ष्यांचे मृत्यू खूप कमी होतात, हे तिकडे मोजून दाखवलं गेलंय. त्यामुळे ताणतारा नकोत, आणि नियमात बसेल तिथे लुकलुकता दिवा, ही शिफारस आमच्या प्रत्येक अहवालात असते.

रेडिएशनने चिमण्या गेल्या का, हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो. उत्तर देताना मी सावध असते. पुरावा अजून निर्णायक नाही, आणि त्या वादात रस्ता, तारा, दिवे हे डोळ्यांसमोरचं नुकसान बाजूला पडतं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

सोलापूरकडच्या माळावर काम मिळालं तेव्हा तारांचा धडा पक्का झाला. नान्नजचा माळ माळढोकाचा. अभयारण्य १९७९ चं. आज देशभरात हा पक्षी दीडशेच्या आसपास उरला असावा. त्याचे डोळे बाजूंना, समोरचं कमी दिसतं, अंग जड, ऐन वेळी वळता येत नाही. त्यामुळे वीजवाहिन्यांच्या तारा त्याच्या जिवावर उठल्या. राजस्थान-गुजरातमधल्या वाहिन्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयात एप्रिल २०२१ मध्ये आदेश झाला तो याचसाठी. माळावर टॉवर एक वेळ चालेल, पण त्याच्यापर्यंत उघड्या तारांची नवी लाइन नको. केबल जमिनीखालून न्या किंवा सोलर लावा, असं आम्ही लिहिलं. ग्राहकाने खर्चाचा हिशोब मागितला, आम्ही वीज कंपनीच्या दरांवरून करून दिला, आणि सोलर मान्य झालं. पर्यावरणाच्या अहवालात रुपयांचा तक्ता जोडायची पद्धत आमच्याकडे तेव्हापासून आहे. तो तक्ता सगळ्यात आधी वाचला जातो.

आता आमच्यासोबत तीन तरुण मुलं आहेत. एक पक्ष्यांचे आवाज ओळखतो, एक नकाशे करते, तिसरी गवतांची जाणकार. गवत ओळखणारं माणूस मिळणं या धंद्यात सर्वांत अवघड, म्हणून तिचा पगार माझ्यापेक्षा जास्त आहे आणि तो तसाच राहणार.

गेल्या दोन हंगामांत आम्ही कामाची पद्धत बदलायला लावली आहे. पूर्वी जागामालकाशी करार झाल्यावर, ॲडव्हान्स दिल्यावर आम्हाला बोलवायचे. तेव्हा जागा हलवायची म्हटली की सगळेच नाराज. आता दोन ग्राहक करार करण्याआधी तीन-चार पर्यायी जागांचे बिंदू पाठवतात. त्यातून कातळावरची डबकी, कड्यावरची गिधाडांची घरटी, देवराई यांच्या जवळचे बिंदू आम्ही नकाशावरच बाद करतो आणि उरलेल्या जागा पायी पाहतो. जवळच दुसऱ्या कंपनीचा टॉवर असेल तर त्यावरच अँटेना लावा, हाही पर्याय त्याच टप्प्यावर निघतो. यात सगळ्यांचाच खर्च कमी होतो.

यंदाच्या पावसाळ्यासाठी राजापूर आणि देवगड तालुक्यांतल्या सड्यांच्या साइट घेतल्या आहेत. ज्या टॉवर कंपन्यांना किंवा ग्रामपंचायतींना कातळावरच्या जागेची पाहणी हवी आहे, त्यांनी सातबारा, जागेचे अक्षांश-रेखांश आणि रस्ता व वीज कुठून येणार याचा कच्चा नकाशा मेअखेरपर्यंत पाठवावा. ग्रामपंचायतीकडून पहिल्या पाहणीचे पैसे आम्ही घेत नाही.