एचएमटीच्या लायनरला ग्रीस लावलं तो दिवस

अमळनेरला माझं ट्रॅक्टर रिपेअरिंगचं गॅरेज आहे, वीस वर्षं झाली हेच काम. पण दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातला तो एक दिवस असा गेला की तेव्हापासून कुठलाही रबराचा सील हातात घेतला की पहिला प्रश्न मनात येतो, याला लावायचं काय.

गाडी होती एचएमटी २५११, दोन सिलेंडर, २५ हॉर्सपॉवर. हे मॉडेल १९७१ ला हरियाणातल्या पिंजोरला झेकोस्लोव्हाकियाच्या झेटर कंपनीच्या तंत्रावर सुरू झालं आणि २०१६ ला एचएमटीचं ट्रॅक्टरचं काम बंद करायचा निर्णय झाला, त्यामुळे पार्ट मिळवायचे म्हणजे चार गावं फिरायची. मालक पारोळ्याकडचे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर, बागायती कापसासाठी रान तयार करायचं आणि इंजिन माझ्याकडे उघडं पडलेलं. रोज सकाळी येऊन बसायचे, "भाऊ, आखाजी उनी, आते कितला दिन लागतीन?" पोटच्या पोराबद्दल विचारावं तसं विचारायचे, कारण गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली.

लायनर म्हणजे ज्यात पिस्टन वर-खाली होतो ती सिलेंडरची नळी. या इंजिनाला वेट लायनर, म्हणजे लायनरच्या बाहेरून थेट पाणी खेळतं आणि खाली रबराच्या रिंगा पाणी अडवतात, रिंगेच्या वर पाणी आणि खाली चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं तेल. मी आधी रिंगा न टाकता लायनर बसवून बघितले, हाताने आरामात बसले, आतला व्यास मोजायचं बोअर गेज फिरवलं, वर खाली एकसारखं. मग संध्याकाळी रिंगा चढवल्या, त्यांना व्हील बेअरिंगचं ग्रीस चोपडलं आणि लायनर दाबून घरी गेलो. उस्ताद लोक हेच करायचे आणि मीही वर्षानुवर्षं हेच केलेलं, कधी त्रास झाला नव्हता.

सकाळी पिस्टन टाकायच्या आधी सवयीने पुन्हा गेज घातलं तर दोन्ही लायनर खालच्या बाजूला अडीच थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आवळलेले. मला वाटलं गेजच चुकलं, पुसून परत लावलं, तेच. पिस्टनला मोकळीकच चार-पाच थाऊची असते, त्यातली निम्मी गेली की गरम झाल्यावर पिस्टन धरणारच. लायनर उपसून काढला तर रिंग फुगून मऊ झालेली आणि एका जागी नखाएवढा तुकडा कातरून निघालेला. तोच तुकडा पुढे पाणी तेलात सोडणार होता, चेंबरमध्ये ताक झालं असतं आणि आप्पा ऐन पेरणीत अडकले असते. घाम फुटला मला, आणि तो उन्हाचा नव्हता, पारा ४४ वर असला तरी.

किटमध्ये दोन रिंगा जास्तीच्या होत्या. एक इंजिन ऑईलच्या डब्यात टाकली, एक भांड्याच्या साबणाच्या पाण्यात, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत काहीच जोडायचं नाही असं ठरवलं. आप्पांना सांगितलं, ते गप्प बसले, नंतर म्हणाले बरं. सकाळी दोन्ही रिंगा लायनरवर चढवून बघितल्या. साबणाची रिंग घट्ट बसली, जशी होती तशी. तेलातली रिंग लायनरवर सैल बांगडीसारखी लोंबत होती, पिळ दिला तर ताणलेल्या च्युइंगमसारखी. दिसायला दोन्ही काळ्या, दोन्ही एकाच पाकिटातल्या.

झालं असं की रबर रबरात फरक असतो. नायट्राईल रबर तेल-ग्रीस सहन करतं. ईपीडीएम नावाचं दुसरं रबर पाण्याला, कूलंटला, उष्णतेला छान, पण डिझेल, इंजिन ऑईल, साधं ग्रीस लागलं की फुगतं, कारण हे रबर आणि तेल दोन्ही हायड्रोकार्बनच, एकमेकांत मुरतात. पाकिटावर काहीच छापलेलं नव्हतं आणि काळ्या रंगावरून कोणालाच ओळखता येत नाही. एका वाक्यात सांगायचं तर आधी रबर ओळखा आणि मग डबा उघडा. ओळखायची पद्धत पण हीच, एक रिंग रात्रभर तेलात ठेवायची.

कोणी म्हणेल मग त्याच रिंगा साबणाचं पाणी लावून बसवायच्या होत्या. मीही क्षणभर तोच विचार केला. पण साबणाने फक्त बसवताना वाचेल, नंतर खालून चेंबरचं तेल उडतच राहणार आणि चार महिन्यांत तीच गत. म्हणून व्हर्नियरने रिंगेची जाडी आणि लायनरची खाच मोजून मी सकाळची गाडी धरली, जळगावला हायड्रॉलिक सीलच्या दुकानातून नायट्राईलच्या रिंगा आणल्या, त्याही रात्री तेलात ठेवून बघितल्या. आप्पांनी विचारलं वनस्पती तूप लावलं तर चालेल का, आमचं अमळनेर तसं तेला-तुपाचं गाव, विप्रो १९४५ ला इथे वनस्पती तेलाच्या कारखान्यापासूनच सुरू झाली, पण मी म्हटलं राहू द्या. नव्या रिंगांना साबणाचंच पाणी लावलं, लायनर सरकन गेला, रिंग पिळली नाही आणि पाणी वाळून गेलं. गेज लावलं, वर खाली सारखं.

आणि हा साबणाच्या पाण्याचा नियम सगळीकडे लावू नका बरं का. क्रँकच्या रबरी ऑईल सीलच्या ओठाला तेल लागतंच, कोरडा बसवला तर पहिल्या स्टार्टलाच ओठ जळतो. टेफ्लॉनचा सील मात्र कोरडाच बसवायचा. जुन्या पर्किन्स इंजिनाला मागे दोरीचा सील असतो, त्याला ग्राफाईट ग्रीस चोळायचं. ब्रेकच्या रबराला साधं ग्रीस कधीच नाही, तिथे लाल रबर ग्रीस.

चेंबर लगेच लावला नाही. रेडिएटर भरला, ब्लॉकखाली कालचा पेपर पसरला आणि रात्रभर तसंच सोडलं. सकाळी मी यायच्या आधीच आप्पा येऊन बसलेले. खाली वाकून पेपरवर हात फिरवला, बोटं बघितली आणि म्हणाले, "कोरडंच शे भो."