आंबोलीचा घाट, चौकुळचा चिखल आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून निपाणी, उत्तूर, आजरामार्गे आंबोलीला गेलो आणि तिथे तीन मुक्काम केले. सुमारे ३४० किलोमीटरच्या या प्रवासातील धबधबे आणि धुके यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यामुळे येथे फक्त एका गोष्टीविषयी लिहितो. निसरड्या रस्त्यावर गाडीतील ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे जोर देताना चाकांचे घसरणे आवरणारी यंत्रणा, नेमके केव्हा उपयोगी पडले, केव्हा आड आले आणि केव्हा त्याचा काहीच संबंध नव्हता, हे मला या चार दिवसांत प्रथमच नीट कळले. गाडी पाच गिअरची, पेट्रोलवर चालणारी आणि पुढच्या दोन चाकांना जोर मिळणारी होती. आज आपल्याकडील बहुतेक कौटुंबिक गाड्या याच जातीच्या असल्याने हा अनुभव अनेकांच्या कामी यावा. सोबत पत्नी होती आणि आजऱ्याला सासरे गाडीत बसले. त्यांनी एसटीत तीस वर्षे चालक म्हणून काढली आहेत आणि जावयाच्या शेजारच्या सीटवर बसून गप्प राहणे त्यांना जमत नाही.

निघण्यापूर्वी टायर पाहून घेतले होते. भारतात टायरच्या खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी असा नियम आहे, परंतु घाटातील पावसासाठी मी ती पुरेशी मानत नाही. ३ मिलिमीटरच्या खाली गेलेले टायर घेऊन कोकणात उतरू नये असे माझे मत आहे. रस्त्यावर साचलेले पाणी या खाचांतूनच बाजूला सारले जाते. खाचा झिजल्या की टायर पाण्यावर तरंगू लागतो आणि मग गाडीत कोणतीही यंत्रणा असली तरी तिला धरायला रस्ताच उरत नाही. हवा चालकाच्या दाराच्या खांबावरील तक्त्याप्रमाणेच भरावी. ओल्या रस्त्यावर पकड वाढते म्हणून हवा कमी करण्याचा सल्ला मलाही एका टायरवाल्याने दिला होता, पण मऊ वाळूत उपयोगी पडणारा हा उपाय डांबरावरील पाण्यात उलट टायर लवकर तरंगवतो.

पहिला प्रसंग घाट लागण्याच्या खूप आधी, आजरा आणि गवसे यांच्या दरम्यान घडला. भाताच्या लावणीचे दिवस होते. चिखलणी करून शेतातून बाहेर पडलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांतून तांबूस चिखलाचे गोळे डांबरावर पडत जातात आणि वरून रिमझिम सुरू असली की त्यांचा साबणासारखा थर होतो. अशाच एका ट्रॅक्टरच्या पुढे जाण्यासाठी मी दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर जरा जोरात दाबला. डॅशबोर्डवर मागे नागमोडी रेघा काढलेल्या मोटारीचे पिवळे चित्र लुकलुकले, पायाखाली किंचित करकर जाणवली आणि इंजिनाचा जोर क्षणभर ओसरला. गाडी बाजूला सरकली नाही, डगमगली नाही. मला वाटले, यंत्रणेने काम चोख केले. सासऱ्यांना मात्र तसे वाटले नाही. ते म्हणाले, "जावईबापू, गाडी तुम्हाला पाय उचला म्हणतीया. ऐका की जरा तिचं."

त्यांच्या लालपरीत असला दिवा कधीच नव्हता, तरी त्यांनी त्याचा अर्थ अचूक सांगितला होता. प्रत्येक चाकाजवळ एबीएससाठी, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेसाठी, बसवलेला वेगमापक संवेदक असतो. ट्रॅक्शन कंट्रोल त्याच संवेदकांकडून जोराची चाके इतर चाकांपेक्षा जास्त वेगाने फिरत आहेत का, हे सतत तपासत असते. तसे आढळले की ते इंजिनाचा जोर कमी करते, अथवा घसरणाऱ्या चाकाचा ब्रेक चालकाला न विचारता लावते, अथवा दोन्ही करते. यातून रस्त्याची पकड तसूभरही वाढत नाही. असलेली पकड वाया जाण्याचे तेवढे थांबते. त्यामुळे दिवा लुकलुकला याचा अर्थ गाडीने आपल्याला सावरले एवढाच नसून, या ठिकाणी या टायरची मर्यादा संपली आहे असाही असतो. पुढच्या वळणावर तेवढीच पकड मिळेल याची कोणतीही हमी त्या दिव्यात नसते. त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली. दिवा दिसला की आधी पाय हलका करायचा आणि पुढील दोन-तीन किलोमीटर वेग दहाने कमी ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी सावंतवाडीला जायला घाट उतरलो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि तिथून सावंतवाडी साधारण ३० किलोमीटर. वर्षाकाठी ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या डोंगरात रस्त्याच्या कडेला, कठड्याच्या सावलीत आणि मोऱ्यांच्या तोंडाशी हिरवे शेवाळ धरलेले असते, वळणांवर कुजलेल्या पानांचा लगदा साचतो आणि मुख्य धबधब्याजवळ तर पाणी थेट रस्त्यावर येते. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण तीच अनेकांच्या लक्षात येत नाही. उतारावर ट्रॅक्शन कंट्रोल जवळजवळ काहीच करत नाही. ते जोर देताना घसरणारी चाके पाहते आणि उतरताना आपण जोर देतच नसतो. तिथे ब्रेक दाबल्यावर चाके अडकू नयेत म्हणून एबीएस काम करते आणि गाडी वळणात बाहेर फेकली जाऊ लागली तर ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल). ही ईएससी स्टिअरिंग किती वळवले आहे आणि गाडी प्रत्यक्षात किती वळत आहे याची तुलना करते व एकेका चाकाला ब्रेक लावून तिला मार्गावर आणू पाहते. अनेक गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल आणि ईएससी यांचा दिवा आणि बटण एकच असते, त्यामुळे या दोहोंची गल्लत होते. एबीएस नव्या मोटारींना २०१९ पासून सक्तीचे झाले, पण इतर दोन्ही यंत्रणा स्वस्त आवृत्त्यांत नसू शकतात. तेव्हा आपल्या गाडीत काय आहे हे पुस्तिकेत पाहूनच घाटाचा रस्ता धरावा.

उतरताना आम्ही दुसऱ्या गिअरवर, काही वळणांवर पहिल्यावर, ताशी २५ ते ३० वेगाने आलो. इंधन वाचेल म्हणून न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून उतरण्याची खोड इथे सोडून द्यावी. गिअर खाली टाकतानाही क्लच झटकन सोडू नये, कारण ओल्या उतारावर त्या हिसक्याने पुढची चाके क्षणभर अडकून घसरतात आणि तिथे ट्रॅक्शन कंट्रोल धावून येत नाही. वळणांपूर्वी काढलेले जाड पांढरे पट्टे ओले झाले की डांबरापेक्षा गुळगुळीत होतात, म्हणून ब्रेक त्या पट्ट्यांच्या आधी लावून संपवावा. वेगाविषयी एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे आहे की, एकाच रस्त्यावर ताशी ४० ऐवजी ६० वेग असेल तर ब्रेक लावल्यानंतर थांबण्याचे अंतर दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते.

सावंतवाडीत मोती तलावाकाठी चहा झाला, चितार आळीतून लाकडी खेळणी घेतली आणि दुपारी तोच घाट चढायला घेतला. खरी मौज आली ती येथे. चढाच्या आवळ वळणावर गाडीचा भार मागे आणि बाहेरच्या बाजूला जातो, त्यामुळे आतल्या बाजूचे पुढचे चाक हलके होते. साधे डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारी गिअरांची पेटी, दोन्ही चाकांना सारखाच जोर देते आणि तो किती असावा हे सर्वांत कमी पकड असलेले चाक ठरवते. हलके झालेले चाक पानांच्या लगद्यावर भिरभिरू लागले की बाहेरच्या चाकालाही तेवढाच क्षीण जोर मिळतो आणि गाडी रखडते. ट्रॅक्शन कंट्रोलने त्या भिरभिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावला की डिफरन्शियलला तिकडे विरोध जाणवतो आणि त्या प्रमाणात बाहेरच्या, घट्ट बसलेल्या चाकाचा जोर वाढतो. धुक्यात समोरचे पाच-दहा मीटरच दिसत असताना, मागे एक भरलेला टेम्पो असताना, हे काम माझ्या पायाने झाले नसते. त्या चढावर दिवा चार वेळा लुकलुकला आणि चारही वेळा गाडी न थांबता वळण पार करून गेली. घाटात, डांबरावर, पाऊस असो वा नसो, हे बटण बंद करण्याचे एकही कारण मला दिसत नाही.

बंद करण्याची वेळ तिसऱ्या दिवशी आंबोलीजवळच्या चौकुळ गावात आली. ज्या घरी जेवायला गेलो त्या घराच्या उतरत्या परड्यात, गवतावर, मी गाडी लावली होती. दोन तासांत एवढा पाऊस झाला की गवताखालच्या तांबड्या मातीचे लोणी झाले आणि मागे यायच्या पहिल्याच प्रयत्नात पुढची दोन्ही चाके चार बोटे रुतली. ॲक्सिलरेटर दाबला की दिवा लुकलुके, इंजिन गुदमरे आणि चाके जेमतेम पाव फेरा घेऊन थांबत. दोन्ही चाके सारख्याच चिखलात होती, त्यामुळे एकाचा जोर दुसऱ्याला देऊन काही साधणार नव्हते आणि यंत्रणा आपली इमाने इतबारे जोर कापत बसली होती. मी बटण दाबून ती बंद केली आणि लगेच दुसरी चूक केली, ती म्हणजे जोरात पाय दिला. चाकांनी चिखलाचा फवारा समोरच्या भिंतीपर्यंत उडवला आणि गाडी आणखी वीतभर खाली गेली.

मग सासरे खाली उतरले. लुंगी गुडघ्यापर्यंत वर घेऊन त्यांनी चाकांसमोरचा आणि मागचा चिखल खोऱ्याने ओढायला लावला, घरमालकांकडून दोन रिकामी पोती आणि जांभ्याचे फुटके चिरे मागवले. यंत्रणा बंदच ठेवून, स्टिअरिंग अगदी सरळ धरून, पहिला आणि रिव्हर्स असा आळीपाळीने हलका जोर देत मी गाडी झोपाळ्यासारखी हेलकावत राहिलो. चाके नुसती फिरू लागली की पाय काढायचा, गाडी मागे येऊ लागली की थोडा द्यायचा. सात-आठ हेलकाव्यांनंतर डावे चाक चिऱ्यावर चढले, उजवे मात्र अजून चिखलातच होते. या क्षणी जे केले ते मी कुठे ऐकले नव्हते, घाटातील आदल्या दिवसाच्या चढावरून सुचले: यंत्रणा पुन्हा सुरू केली. आता एक चाक दगडावर आणि एक चिखलात अशी तिला हवी तशी स्थिती होती. तिने उजव्या चाकाला ब्रेक लावला, जोर डाव्याला गेला आणि गाडी करकरत, दिवा लुकलुकवत, रिव्हर्समध्ये रांगत वर आली. थोडक्यात, दोन्ही चाकांखाली सारखाच चिखल असेल तर बंद, दोहोंखाली वेगवेगळी जमीन असेल तर चालू. बंद केल्यावर वेग माणसाच्या चालीपेक्षा वाढू देऊ नये आणि पोती टाकली असतील तर चाकांच्या पुढे-मागे कोणालाही उभे राहू देऊ नये, कारण ती गोफणीतल्या दगडासारखी सुटतात.

बटणाची रीत प्रत्येक गाडीची निराळी असते. काहींत एकदा दाबल्याने फक्त इंजिनाचा जोर कापणे बंद होते आणि चाकाचा ब्रेक चालूच राहतो, काहींत काही सेकंद दाबून धरल्यास ईएससीही जाते, तर काहींत ठराविक वेग ओलांडला की सारे आपोआप परत सुरू होते. आमच्या गाडीत इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले की यंत्रणा चालू स्थितीत येते. हे सारे घरी, कोरड्या मैदानात, शांतपणे करून पाहावे; भर पावसात, चिखलात रुतून, चष्म्यावर पाणी आलेले असताना पुस्तिका वाचण्यात अर्थ नाही.

चौकुळहून परतताना आणखी एक धडा मिळाला. ट्रॅक्शन कंट्रोल आणि एबीएस असे दोन्ही दिवे लागले आणि या वेळी ते लुकलुकत नव्हते, तर स्थिर होते. स्थिर दिव्याचा अर्थ यंत्रणा बंद केलेली आहे किंवा बिघडलेली आहे. दोघांचे संवेदक एकच असल्याने एक चाक आंधळे झाले की दोन्ही यंत्रणा एकदम जातात. साधा ब्रेक तेवढा शाबूत असतो. मुक्कामी पोहोचेपर्यंत ताशी ३०च्या वर गेलो नाही. तिथे चारही चाकांच्या आतील बाजूचा वाळू लागलेला चिखल नळीने धुऊन काढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थोडे अंतर चालवल्यावर दिवे विझले. ते विझले नसते तर घाटात न उतरता आधी आजऱ्याला मेकॅनिककडे जायचे असे ठरवून ठेवले होते.

जाणाऱ्यांसाठी एवढेच आणखी सांगतो. पुण्याहून पहाटे पाचला निघाल्यास दुपारपर्यंत आंबोली गाठता येते. पेट्रोल आजऱ्यालाच भरून घ्यावे. महामार्गावर पावसात क्रूझ कंट्रोल लावू नये, कारण पाण्याच्या थरावर चाके सुटली तरी ते वेग टिकवू पाहते. घाट सकाळी आठच्या आत किंवा आठवड्याच्या मधल्या वारी उतरावा, कारण शनिवार-रविवारी धबधब्याजवळ दुतर्फा गाड्या लागतात आणि चढावर थांबून पुन्हा निघावे लागते. तशी वेळ आलीच तर हँडब्रेक ओढून, चाके सरळ करून, ॲक्सिलरेटर जेमतेम देऊन क्लच सावकाश सोडावा. आंबोलीजवळच्या कावळेसाद, महादेवगड या ठिकाणी किंवा चौकुळकडे गाडी नेलीत तर ती गवतावर न लावता कातळावर किंवा डांबराच्या कडेला, परतीच्या दिशेला तोंड करून लावावी, आणि डिकीत दोन पोती व एक छोटे खोरे असू द्यावे. आमच्या डिकीत ती आता कायमची आहेत. सासऱ्यांनी आजऱ्याला उतरताना स्वतःच ठेवली.